लेखांसाठी सबडोमेन की फोल्डर?

दुकानाच्या वेबसाइटवर माहितीपर लेखही टाकायचे असतील, तर ते मूळ डोमेनच्या (साइटच्या मुख्य पत्त्याच्या) फोल्डरमध्येच ठेवा, म्हणजे example.com/lekh असं; lekh.example.com अशा सबडोमेनवर नको. गूगलला दोन्ही चालतं. पण सबडोमेन अनेकदा वेगळी साइट धरली जाते, मग लेखांना इतर साइट्सकडून मिळालेल्या लिंक्सचा फायदा दुकानाच्या पानांना मिळेलच असं नाही. शिवाय कुकी (ब्राउझरमध्ये साठवलेली लॉगिनची नोंद) फक्त मूळ पत्त्यापुरती सेट असेल, तर लॉगिन केलेल्या ग्राहकाला सबडोमेनवर पुन्हा पासवर्ड टाकावा लागतो. असा ग्राहक निघूनही जाऊ शकतो! मराठी विकिपीडियासारखा वेगळ्या भाषेचा, वेगळ्या संपादकांचा स्वतंत्र पसारा असेल तर मात्र सबडोमेनच बरं. लेख आधीच सबडोमेनवर असतील, तर हलवताना प्रत्येक जुन्या पानाचं ३०१ रीडायरेक्ट (पान कायमचं हलवल्याचं सांगून आपोआप पुढे पाठवणं) त्याच्याच नव्या पत्त्यावर द्या. सरसकट होमपेजवर नको.