मानेतल्या धमनीचं ब्लॉकेज: तपासणी आणि ऑपरेशनला जाण्याआधीची तयारी

तयारीला सुरुवात वहीपासून करा. काय झालं, कोणत्या तारखेला, किती वाजता, किती मिनिटं टिकलं आणि शरीराच्या कोणत्या बाजूला, हे आठवण ताजी असताना लिहून काढा. हातातली वस्तू निसटली, जीभ जड झाली, शब्द तोंडाशी येऊन अडले, एका डोळ्यासमोर काळा पडदा उतरला आणि पाच मिनिटांत वर गेला, असं काहीही. बाजू नीट लिहा. डाव्या कॅरोटिड धमनीतून, म्हणजे मानेतून मेंदूकडे रक्त नेणाऱ्या धमनीतून, सुटलेली गुठळी डाव्याच डोळ्यापुढे अंधारी आणते, पण हातपाय मात्र उजवे लुळे पाडते. नुसती चक्कर सहसा या धमनीमुळे येत नाही, त्यामुळे तेवढ्यावर डॉक्टरांना काही ठरवता येत नाही.

माझ्या वडिलांच्या हातून एका फॉर्मवर सही करताना पेन सुटलं. दहा मिनिटांत हात पूर्ववत झाला, म्हणून चार दिवस ते कुणाला काही बोलले नाहीत. त्या फॉर्मवर सहीचं पहिलं अक्षर ठसठशीत होतं आणि पुढची रेघ घसरत पार कागदाच्या कडेला गेली होती. तो फॉर्म मी फाइलला लावला. न्यूरोलॉजिस्टनी रिपोर्टच्या आधी तोच पाहिला आणि तारीख विचारली.

तारखेला एवढं महत्त्व आहे, कारण अशा टीआयएनंतर, म्हणजे मिनी स्ट्रोकनंतर, मोठ्या झटक्याचा धोका पहिल्या काही दिवसांतच सर्वाधिक असतो. ऑपरेशन, म्हणजे मानेवर छेद देऊन धमनीत साचलेला थर काढणं, लागणार असेल तर त्याचा फायदाही पहिल्या दोन आठवड्यांत सगळ्यात जास्त मिळतो. ते चार दिवस आम्ही वाया घालवले, याची मला आजही हळहळ वाटते. तुम्ही त्याच दिवशी जा. आणि लक्षण या क्षणी चालू असेल तर वही बाजूला ठेवा. माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला ती वेळ तेवढी लक्षात ठेवा आणि स्ट्रोकवर चोवीस तास उपचार होतात अशा रुग्णालयात पोहोचा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं.

फाइलमध्ये सध्याच्या सगळ्या गोळ्यांची नावं आणि डोस हवेत, शिवाय जुने ईसीजी, साखर, कोलेस्टेरॉल आणि क्रिएटिनिनचे रिपोर्ट. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या वेगळ्या अधोरेखित करा. 'ऑपरेशन आहे ना, मग आठवडाभर आधी बंद करा' असा सल्ला ओळखीचं कुणीतरी देतंच. तो ऐकू नका. या ऑपरेशनला अॅस्पिरिन सहसा चालूच ठेवतात, आणि स्टेंट बसवायचा असेल तर बहुतेक वेळा दोन गोळ्या एकत्र देतात. त्या दिवशी सकाळी काय घ्यायचं आणि काय नाही, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या.

डॉपलरला, म्हणजे मानेतल्या धमन्यांच्या सोनोग्राफीला, उपाशीपोटी जावं लागत नाही. मोकळ्या गळ्याचा कपडा घाला आणि गळ्यातलं काढून ठेवा. मानेवर गार जेल लावून प्रोब फिरवतात आणि मशीनमधून रक्ताचा फुस्स-फुस्स आवाज येतो. पाण्याच्या नळीच्या तोंडावर अंगठा दाबला की धार जशी जोरात सुटते, तसाच अरुंद जागी रक्ताचा वेग वाढतो आणि त्या वेगावरून ब्लॉकेजचे टक्के काढतात. म्हणून दोन ठिकाणचे आकडे थोडे इकडेतिकडे झाले तर घाबरू नका, आधीचा रिपोर्ट सोबत न्या. सिटी अँजिओ, म्हणजे शिरेतून डाय देऊन काढलेला धमन्यांचा स्कॅन, सांगितली तर किडनीचा त्रास, आधी कधी डायची आलेली अॅलर्जी आणि मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी या तिन्ही गोष्टी स्वतःहून सांगा. एमआरआयच्या आधी पेसमेकर किंवा शरीरात कुठे धातू असेल तर तो सांगा. आणि मध्यंतरी मान चोळून किंवा मोडून घेऊ नका.

आता टक्क्यांबद्दल. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या नॅसेट या उत्तर अमेरिकेतल्या अभ्यासात लक्षणं दिसलेले आणि ७० ते ९९ टक्के ब्लॉकेज असलेले रुग्ण होते. त्यांच्यात दोन वर्षांत त्याच बाजूचा स्ट्रोक नुसत्या औषधांवर २६ टक्के जणांना झाला, ऑपरेशन केलेल्यांपैकी ९ टक्के जणांना. ५० ते ६९ टक्क्यांत फायदा कमी मिळतो, ५० च्या खाली मिळतच नाही. पूर्ण बंद झालेली धमनी सहसा उघडत नाहीत. कधीच काही लक्षण नसेल तर मात्र तेच ७० टक्के वेगळ्या तराजूत तोलावे लागतात, कारण आज कोलेस्टेरॉलसाठीचं स्टॅटिन, रक्तदाबाच्या गोळ्या आणि सिगारेट सोडणं एवढ्यानेही बराच धोका कमी होतो. डॉक्टर वही मागतात ती याचसाठी.

सर्जनना भेटताना दोन प्रश्न लिहून न्या. पहिला: तुमच्या हातून झालेल्या ऑपरेशनांत ३० दिवसांच्या आत स्ट्रोक किंवा मृत्यूचं प्रमाण किती? लक्षणं असलेल्यांत ते ६ टक्क्यांच्या आणि नसलेल्यांत ३ टक्क्यांच्या आत असावं, असं मानतात. हे विचारायला संकोच करू नका, चांगले सर्जन सरळ उत्तर देतात. दुसरा: ऑपरेशन की स्टेंट, आणि का? या दोन्हींची तुलना करणाऱ्या २०१० च्या क्रेस्ट अभ्यासात स्टेंटमध्ये स्ट्रोक जास्त झाले, ऑपरेशनमध्ये हार्ट अटॅक जास्त. सत्तरीच्या पुढे ऑपरेशन सरस ठरलं. पण मानेला पूर्वी रेडिएशन दिलं असेल तर पारडं स्टेंटकडे झुकतं.

आदल्या दिवशी मोबाइलवर रुग्णाचा बोलतानाचा, हसतानाचा आणि जीभ बाहेर काढतानाचा एक छोटा व्हिडिओ घेऊन ठेवा. मानेतल्या नसा दुखावल्या तर आवाज बसतो, ओठाचा कोपरा उतरतो किंवा जीभ एका बाजूला वळते. मग आधी कसं होतं ते दाखवता येतं. मान तेवढी बधिर करून ऑपरेशन होणार असेल तर रुग्णाला आधीच सांगून ठेवा की मधूनमधून त्याला बोलतं करतील आणि विरुद्ध बाजूच्या हाताची मूठ दाबायला सांगतील. काही ठिकाणी हातात दाबल्यावर वाजणारं खेळणं देतात. आवाज थांबला की मेंदूला रक्त कमी पडतंय हे लगेच कळतं. कमी ऐकू येत असेल तर श्रवणयंत्र आत नेता येईल का, हे भूलतज्ज्ञांना विचारा.

रुग्ण घरी यायच्या आधी रक्तदाबाचं मशीन आणून ठेवा आणि रोज दोनदा आकडे लिहा. मान सुजायला लागली, श्वास जड झाला, एका बाजूचं डोकं प्रचंड दुखू लागलं किंवा आकडी (फिट) आली तर फोनवर वाट पाहत बसू नका, थेट रुग्णालय गाठा. पुढच्या डॉपलरची तारीख डिस्चार्जच्या कागदावर लिहून घ्या. आणि दाढीचं ब्लेड काही दिवस लपवून ठेवा. टाक्यांच्या वरची, जबड्याखालची कातडी बधिर असते, कापलं तरी कळत नाही.