ग्रास रिव्ह्युलेट बघायला निघण्याआधी

आधी तारीख ठरवा. ब्रिटनमध्ये हा चिमुकला पतंग साधारण मेअखेर ते जुलै उडतो, पण नुसतं कॅलेंडर बघून निघू नका. यलो रॅटल, म्हणजे कुरणात उगवणारं पिवळ्या फुलांचं रानरोप, फुललीय का, याची खात्री करून घ्या. त्याची अळी वाढते ती तिच्याच बियांवर. जिथे रॅटल नाही, त्या कुरणात रात्र काढलीत तरी हाती काही लागणार नाही.

कुरणाच्या मालकाला फोन करून परवानगी मागा, आणि त्याच फोनवर गवत कधी कापणार तेही विचारा. माझ्या मते सगळ्या तयारीत हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. सायलेजसाठी, म्हणजे गुरांच्या आंबवलेल्या चाऱ्यासाठी, मे-जूनमध्येच कापणी झाली तर बोंडं पिकायच्या आत जातात. रॅटल एका हंगामाचं रोप. तिचं बी मातीत फार काळ टिकत नाही. दोन-तीन वर्षं बी पडलंच नाही तर ती त्या कुरणातून नाहीशी होते आणि पतंगही जातो. १९३० च्या दशकापासून १९८४ पर्यंत इंग्लंड-वेल्समधली सुमारे ९७ टक्के फुलांची कुरणं गेली. उरलेल्यांपैकी एक राखणारा माणूस भेटला तर त्याचे आभार मानायला विसरू नका.

पिशवीत दहापट भिंग, पारदर्शक डबी, विजेरी, वही आणि पेन्सिल. दवाने कागद ओलावला की पेन उमटत नाही. पँट मोज्यात खोचा, गवतात गोचिडी असतात.

वारा पडलेली संध्याकाळ निवडा. पंख पसरून जेमतेम २०-२४ मिलिमीटर, पांढुरक्यावर फिकट तपकिरी नागमोडी पट्टे. डबीत घेतलात तर दोन मिनिटांत बघून तिथेच सोडा.

जुलैअखेरची एक फेरी बोंडांसाठी राखून ठेवा. बोंड तोडू नका, देठावरच उजेडाकडे वळवा. कागदासारख्या फुगीर पिशवीत चपट्या बिया एकावर एक रचलेल्या असतात. हलवलं तर खुळखुळतात. एखादं बोंड मुकं लागलं तर भिंग काढा: कडेने कुरतडलेल्या बिया, मधे विष्ठेचा बारीक चुरा, नशीब असेल तर अळीही. मात्र नुसत्या कुरतडलेल्या बियांवरून पतंगाचं नाव लिहू नका, दुसरेही कीटक त्या खातात. पुढे हिवाळाभर तो मातीत कोषातच असतो, तेव्हा शरदातही तिथली माती उकरू नका.

परतण्याआधी वहीत जागा, तारीख आणि संख्या लिहा, त्याखाली कापणीची तारीख. एकही दिसला नाही, तर तेही लिहा.