हॉटेलची एक रात्र, निर्बंध सांभाळून

करोनाच्या काळात, ८ जुलै २०२०पासून, राज्यात प्रतिबंधित क्षेत्राबाहेरची (म्हणजे रुग्णांमुळे सील न केलेल्या भागातली) हॉटेलं ३३ टक्के क्षमतेनं उघडली, पण जिल्हा ओलांडायला तेव्हा ई-पास, म्हणजे प्रवासाची ऑनलाइन सरकारी परवानगी, लागायचीच. म्हणजे आम्हा पुणेकरांना महाबळेश्वर बाद, ते सातारा जिल्ह्यात. लोणावळा, मुळशी आपल्याच जिल्ह्यात, तरी नियम रोज बदलत होते. म्हणून तेव्हा माझा सल्ला होता, शहरातलंच हॉटेल घ्या. सहकारनगरातून कोरेगाव पार्कला जाणं हीसुद्धा सहलच!

अ‍ॅपवर बुक करू नका, थेट फोन लावा. पहिला प्रश्न: पुण्याचा पत्ता असलेलं आधार चालेल का? बरीच हॉटेलं स्थानिक जोडप्यांना खोली देत नाहीत, अगदी मंगळसूत्र घालून गेलात तरी. मग विचारा, खिडकी उघडते का? एसी फक्त त्या खोलीपुरता आहे का? आमच्या घरी सासूबाई सत्तरीपुढच्या, त्यामुळे बंद हवा मला नकोच. परिसर अचानक सील झाला तर पैसे परत की नुसती तारीख बदलून, हे व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या. तोंडी आश्वासनावर जाऊ नका.

आठवड्याच्या मधला वार धरा, गर्दी कमी आणि भावही उतरतो. जेवण खोलीतच मागवा. पोचल्यावर आधी खिडक्या उघडा, रिमोट आणि नळ सॅनिटायझरनं पुसा, मग चहा सांगा.