श्रवणशास्त्रात पीएच.डी. करायचीय? या चुका टाळा

दिवाळीचा फराळ संपत आला की ज्युनियर मुलामुलींचे मेसेज सुरू होतात. "ताई, प्रोफेसरांना मेल पाठवतेय, एकदा नजर टाकाल का?" मी टाकते. सुरुवात ठरलेली: आपल्या नामांकित प्रयोगशाळेत संशोधन करण्याची माझी तीव्र इच्छा आहे. मग टक्के, कॉन्फरन्स, प्रमाणपत्रं. मागे एकीने पार तळाशी लिहिलं होतं, ओपीडीत असे पेशंट येतात की ऑडिओग्राम (ऐकण्याच्या तपासणीचा आलेख) नॉर्मल, पण लग्नाच्या हॉलमध्ये म्हणे आवाज येतो आणि शब्द लागत नाहीत.

अगं, मेल इथूनच सुरू कर की!

या तक्रारीमागे मोठं संशोधन उभं आहे. 2009 मध्ये बोस्टनला कुजावा आणि लिबरमन यांनी उंदरांना मोठा आवाज ऐकवला. काही दिवसांत त्यांची ऐकण्याची पातळी पूर्ववत झाली, पण कानातल्या आवाज टिपणाऱ्या आतल्या केशपेशी आणि श्रवणतंतू यांच्यातले सांधे काही भागांत निम्म्याच्या आसपास कायमचे गेले होते. माणसात हेच घडतं का, आणि बेराच्या (आवाजाला श्रवणतंतू आणि मेंदू देतात ती विद्युत प्रतिक्रिया मोजणारी तपासणी) पहिल्या लहरीवरून ते पकडता येईल का, यावर अजून वाद चालू आहे. रोज बेरा करणाऱ्या मुलीकडे या वादात बोलायला काहीतरी असतं. टक्के सगळ्यांकडेच असतात.

दुसरी चूक अमेरिकेत जाणाऱ्यांची. एयूडी (डॉक्टर ऑफ ऑडिओलॉजी) म्हणजे पीएच.डी. नव्हे. ती क्लिनिक करण्यासाठीची डॉक्टरेट. फी बहुधा आपल्या खिशातून जाते. पीएच.डी.ला सहसा फी माफ होऊन वर विद्यावेतन मिळतं. नाव सारखं वाटलं म्हणून भलत्याच पोर्टलवर अर्ज भरलेले मी पाहिलेत.

अर्ज कुठे करायचा यातही गफलत होते. अमेरिकेत विद्यापीठाच्या प्रोग्रॅमला अर्ज जातो आणि बहुतेक मुदती डिसेंबरच्या आसपास संपतात. डेन्मार्कमध्ये पीएच.डी. ही चक्क नोकरी असते, पगारासकट, साधारण तीन वर्षांची. जाहिरात निघते, त्यावरच अर्ज करायचा. तिथे नुसतं "मला घ्या" असं मेलवर लिहून काही होत नाही. युरोपीय संघाच्या पैशावर चालणाऱ्या मारी क्युरी जाळ्यातल्या (अनेक विद्यापीठांच्या एकत्रित पीएच.डी. प्रकल्पांतल्या) जागांना आणखी एक अट असते: आधीच्या 36 महिन्यांत त्या देशात 12 महिन्यांहून जास्त राहिलेलं चालत नाही. मास्टर्स तिथेच केलेले नेमके इथे अडकतात.

भाषेचं कुणी विचारतच नाही. गोंगाटात वाक्यं ऐकवून उत्तरं तपासायची असतील आणि पेशंट डॅनिश बोलणारे असतील, तर गुण कोण देणार? मुलाखतीत सरळ विचारा. ईईजीच्या (मेंदूतल्या विद्युत लहरी मोजण्याच्या) किंवा प्राण्यांवरच्या कामात ही अडचण कमी. पण प्राणी म्हणजे खरोखर उंदीर किंवा जर्बिल (उंदरासारखाच छोटा प्राणी) हातात धरणं आलं. ते जमणार नसेल तर आधीच सांगा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पायथन किंवा मॅटलॅबमधलं प्रोग्रॅमिंग मात्र कुठेही गेलात तरी लागेलच. आजच सुरू करा.

आणि हो, भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे म्हणून परदेशात पेशंट तपासता येतील हे गृहीत धरू नका. त्या देशाची परवानगी वेगळी.

परदेशच हवा असंही नाही. मैसूरच्या आयिशमध्ये (अखिल भारतीय वाक् श्रवण संस्थेत) पीएच.डी. होते. मराठीतल्या वाक्-श्रवण चाचण्यांचं काम तर आपल्याकडेच होणार, डेन्मार्कमध्ये कोण करतंय?

उत्तर आलं नाही तर? दोन आठवडे थांबा, तोच मेल खाली ठेवून दोन ओळींची आठवण करा. तरी शांतताच असेल तर त्याच प्रयोगशाळेतल्या एखाद्या पीएच.डी. विद्यार्थ्याला लिहा. मला ज्या प्रोफेसरांकडे जायचं होतं त्यांच्याकडे त्या वर्षी जागा नाही हे असंच कळलं, आणि शेजारच्या लॅबमध्ये आहे हेही.