फलाटावर एकटं पोर दिसलं तर

भुसावळ जंक्शनवर मी एकवीस वर्षं पुस्तकांचा स्टॉल चालवला. पवन एक्सप्रेसनं मुंबईला कामाला निघालेली बिहारच्या दरभंगा-जयनगरकडची पोरं बघितली, आणि कामावरून पळून आलेलीही. अशाच एकाला मी पोटभर जेवू घातलं, तिकीट काढलं आणि गावाकडच्या गाडीत बसवून दिलं. तो घरी पोचला का, आजवर कळलं नाही. बॅगांच्या कारखान्यात आठ महिने राबल्याची मजुरी बुडाली ती बुडालीच. त्याची कुठं नोंदच नव्हती, मग मागणार कोण? तेव्हापासून सगळ्यांना सांगते, गाडीत बसवायची घाई करू नका. आधी नोंद होऊ द्या.

खायला द्या, पाणी द्या, पण स्वतःच्या घरी नेऊ नका. १०९८ ही मुलांची हेल्पलाइन लावा किंवा आरपीएफ (रेल्वे सुरक्षा दल), लोहमार्ग पोलिसांकडे त्याच्यासोबत चालत जा. बाल न्याय कायदा, २०१५ प्रमाणे असं मूल सापडलं की २४ तासांत कळवणं तुमच्या-माझ्यावरही बंधनकारक आहे. प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत ते मूल बाल कल्याण समितीपुढं गेलं पाहिजे. मध्येच कुणी 'मामा' न्यायला आला तर सोपवू नका, नातं समिती तपासेल. आणि कृपा करून फोटो ग्रुपवर टाकू नका. मुलाची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे, आणि त्याला शोधणारा ठेकेदारही तो फोटो बघतो.

बोलायला त्याच्या भाषेचा माणूस शोधा. माझ्याकडं मैथिली, म्हणजे त्या पोरांकडची भाषा, बोलणारा एक चहावाला होता, त्याच्यापुढं पोरं मोकळी व्हायची. जिल्हा विचारला की लहान मुलं गोंधळतात. गाडीत कुठल्या स्टेशनावर बसलास, हाट कोणत्या वारी भरतो, मुखिया (तिकडचा सरपंच) कोण, शाळा कुठली, असं विचारा. शाळा कळली की अर्धं काम झालं, कारण वय ठरतं ते दाखल्यावर.

वयाशी सगळ्यात जास्त खेळ होतो. ठेकेदार अठरा वर्षांचं आधार कार्ड पुढं करतो. आधारवरची जन्मतारीख हा वयाचा पुरावा नव्हे. आधी शाळेचा दाखला किंवा मॅट्रिकचं प्रमाणपत्र, ते नसेल तर महापालिका, नगरपालिका वा पंचायतीचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच हाडांची वैद्यकीय तपासणी, असा क्रम कायद्यानंच घालून दिलाय. तपासणीची घाई दिसली तर 'दाखला मागवला का?' एवढं विचाराच.

मूल नेपाळचं, बांगलादेशचं असलं तरी कायदा अठराखालच्या सगळ्यांना मूलच मानतो.

वकील फुकट मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मुलाला उत्पन्नाची अट नाही. १५१०० या कायदेशीर मदतीच्या हेल्पलाइनवर विचारा. घरच्यांनी उचल घेतली असेल तर ते जरूर सांगा. ती वेठबिगारी ठरू शकते, मग मुक्ती प्रमाणपत्राचा (वेठबिगारीतून सुटल्याचा सरकारी दाखला) आणि पुनर्वसनाचा हक्क येतो. मजुरीचा हिशेब पोराच्या तोंडून निघेल तसा लिहून घ्यायला लावा: मालकाला काय म्हणायचे, गल्ली कुठली, जेवण कुठं मिळायचं.

घरची चौकशी समितीनं १५ दिवसांत करून घ्यायची असते. म्हणून नोंदीचा क्रमांक, तारीख आणि मुलाला ताब्यात घेणाऱ्या अंमलदाराचं नाव वहीत उतरवा आणि सोळाव्या दिवशी फोन करा. स्टॉल सुटला तरी माझी वही सुटली नाही. गेल्या आठवड्यात एका मुलीसाठी फोन केला. दाखला आला का, एवढंच विचारलं. अजून यायचाय म्हणाले. सोमवारी पुन्हा करणार आहे.