स्तनाच्या कॅन्सरचे उपचार सोलापुरात घेताना: एका शिलाईवालीच्या वहीतून

मी सोलापूरच्या पूर्व भागात ब्लाउज शिवते. गेली काही वर्षं छातीचं ऑपरेशन झालेल्या बायांसाठी कापडी पॅड आणि खिशाच्या ब्रा पण शिवते. माप घेताना बाया बोलतात. कुणाला कुठल्या खिडकीवर अडवलं, कुणाला कोणत्या कागदानं वाचवलं, कुणाचा हात का सुजला, हे सगळं मी मापाच्या वहीतच लिहीत गेले. मी डॉक्टर नाही. औषध कोणतं आणि किती हे मला विचारू नका. पण घर, कागद, प्रवास, कपडे आणि हात यांचं काय करायचं ते सांगू शकते.

आधी गाठीचं. कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुतेक वेळा दुखत नाही, आणि दुखत नाही म्हणूनच बाया दिवाळी होऊ दे, पोरीचं लग्न होऊ दे म्हणत थांबतात. गाठ लागली, निप्पल आत ओढलं गेलं, त्यातून रक्त आलं, कातडी संत्र्याच्या सालीसारखी खडबडीत झाली किंवा काखेत गोळा लागला, तर त्याच आठवड्यात दाखवा. लेप, शेक, मालिश काही करू नका. गावात असाल तर आशाताईंना सांगा. तिशीपुढच्या बायांची स्तनाची तपासणी आरोग्य केंद्रात फुकट होते. लाजायचं कारण नाही. टाटा हॉस्पिटलनं मुंबईत दीड लाख बायांवर वीस वर्षं अभ्यास केला. नुसत्या हातानं दर दोन वर्षांनी तपासलेल्या पन्नाशीपुढच्या बायांमध्ये या रोगानं होणारे मृत्यू जवळपास 30 टक्क्यांनी कमी झाले. 2021 साली ते छापून आलं. मशीन नव्हतं, शिकवलेल्या बाईचा हात होता.

मग सोनोग्राफी, मॅमोग्राफी आणि सुईची बायोप्सी. इथं एक गोष्ट मी प्रत्येकीला ठासून सांगते: "आधी गाठ काढून टाकू, मग बघू" असं कुणी म्हणालं तर "आधी सुईनं तुकडा तपासा" म्हणा. सुई टोचल्यानं कॅन्सर पसरतो हे खोटं आहे. बायोप्सीच्या रिपोर्टात ईआर, पीआर (गाठ बाईच्या हार्मोनवर वाढते का) आणि हर-टू (गाठ वाढवणारं एक प्रथिन जास्त आहे का) या तीन तपासण्या असल्या पाहिजेत. पुढची केमो, गोळी, इंजेक्शन सगळं त्यावर ठरतं. आणि तपासणीनंतर लॅबकडे मेणाचा ठोकळा उरतो, त्याला ब्लॉक म्हणतात. दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यायचं असेल तर नुसता कागद पुरत नाही, ब्लॉक आणि तुकडा तपासलेल्या काचा (स्लाइड) मागून घ्या.

आता फाइल. घरातला एकच माणूस फाइलवाला ठरवा. पेशंटनं फाइल सांभाळायची नाही, आणि चार जणांनी तर मुळीच नाही. एक भाचा एक्स-रे घेऊन पुण्याला, जावई रिपोर्ट घेऊन बार्शीला, आणि बाई सोलापुरात मोकळ्या हातानं डॉक्टरसमोर, हे मी फार ऐकलंय. तारखेप्रमाणे कागद लावा, प्रत्येकाचा मोबाइलवर फोटो काढा. पहिल्या पानावर सुरू असलेली औषधं, बीपी-शुगर आणि कशाची अ‍ॅलर्जी आहे ते मोठ्या अक्षरात लिहा.

फाइलवाल्याचं पहिलं काम पैशाचं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचे उपचार बिनपैशात होतात. ऑपरेशन, केमो, रेडिएशन तिन्ही त्यात आहेत. पिवळं, केशरी, आणि आता पांढरं रेशनकार्डही चालतं. योजनेतल्या दवाखान्यात दाराशी आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचा मदतनीस, बसतो, डॉक्टरच्या आधी त्याला भेटा. कारण मंजुरी आधी, उपचार नंतर, असा या योजनेचा क्रम आहे. आधी खिशातून भरलेले पैसे परत मिळतील या भरवशावर राहू नका. रेशनकार्डावर बाईचं नाव आहे का आणि ते आधारशी जुळतं का हे आजच बघा. माहेरचं नाव एकावर, सासरचं दुसऱ्यावर, हा आमच्याकडचा नेहमीचा घोळ. फोन 155388, पैसे लागत नाहीत.

विडी वळणाऱ्या बाईकडे कामगाराचं ओळखपत्र असेल तर विडी कामगार कल्याण निधीच्या दवाखान्यात कॅन्सरसाठी काय मदत आहे ते विचारा. नवरा गिरणीत किंवा कारखान्यात कामाला असेल आणि पगारातून ईएसआय (कामगार विमा) कापला जात असेल, तर कामगार विमा रुग्णालयातून पुढे पाठवण्याची चिठ्ठी मिळते. एवढं करूनही कमी पडलं तर मुख्यमंत्री सहायता निधीचा अर्ज आहे.

कुठं जायचं? शहरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं सर्वोपचार रुग्णालय आहे, म्हणजे आपलं सिव्हिल. जिल्ह्यात बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आहे. बार्शीत 1987 पासून गावोगावच्या कॅन्सरची नोंद ठेवली जाते, ग्रामीण भागातली ती देशातली पहिली. म्हणजे हा रोग तिथं नवा नाही. शहरात खाजगी कॅन्सर हॉस्पिटलंही आहेत. जवळ की नामांकित, या वादात घरं अडकतात. माझं मत असं, की केमो आणि रेडिएशन शक्यतो घराजवळ घ्यावं आणि दुसरं मत मोठ्या ठिकाणाहून मागवावं. रेडिएशन आठवड्यातून पाच दिवस, तीन ते पाच आठवडे चालतं. तेवढे दिवस परगावी काढताना घरातलं माणूस आणि पैसा दोन्ही संपतं. कुठंही गेलात तरी चार प्रश्न विचारा: सर्जन, केमोचे आणि रेडिएशनचे डॉक्टर एकत्र बसून ठरवतात का? पूर्ण स्तन काढायलाच हवा का, की गाठ काढून रेडिएशन दिलं तर चालेल? आधी केमो की आधी ऑपरेशन? आणि बाई तरुण असेल तर, पुढे मूल हवं असल्यास केमोच्या आधी काय करायचं? आधी केमो सांगितली म्हणजे केस हाताबाहेर गेली असं नाही. गाठ लहान करून मग काढायची ही नेहमीची पद्धत आहे.

मुंबईला टाटात जायचंच असेल तर सिद्धेश्वर एक्स्प्रेस रात्री सुटून सकाळी दादरला सोडते, तिथून परळ जवळ. हॉस्पिटलनं सही-शिक्का केलेला सवलतीचा फॉर्म दाखवला की रेल्वेत स्लीपर आणि थ्री एसीत पेशंटला भाडं लागत नाही, सोबतच्या माणसाला 75 टक्के सूट मिळते. तिकीट खिडकीवरून काढा. उतरायला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा कॅन्सरच्या पेशंटांना माहीत आहे, टाटातल्या समाजसेवा विभागातून चिठ्ठी घेऊन जा. एसटीत बाईला तसंही अर्धं तिकीट आहे. फक्त आषाढीच्या आठवड्यात बार्शी-पुण्याची तारीख घेऊ नका. गाड्या पंढरपूरकडे वळवलेल्या असतात आणि उरलेल्यांत उभं राहायला जागा नसते.

ऑपरेशनला जाताना पुढून हुकांचे दोन ढगळ सुती ब्लाउज किंवा गाऊन न्या. हात वर करून घालायचा कपडा पहिले काही दिवस जमत नाही. ऑपरेशननंतर काखेजवळून एक नळी आणि तिला बाटली असते, बरेचदा ती घेऊनच घरी सोडतात. बाया ती पदरात गुंडाळतात, मग नळी ओढली जाते. मी जुन्या साडीची छोटी झोळी शिवून देते, लांब बंद गळ्यात अडकवायचा, बाटली कमरेच्या खाली राहते. घरीही दहा मिनिटांत होते. रोज किती पाणी साठलं ते त्याच वेळी मोजून लिहा, डॉक्टर विचारतातच.

केमोत केस जातात, हे सगळ्यांना माहीत असतं. खरी भीती तापाची. साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली जातात. तेव्हा 100.4 फॅरनहाइटच्या वर ताप गेला तर रात्र असो, पहाट असो, लगेच दवाखाना. तापाची गोळी घेऊन सकाळपर्यंत वाट बघायची नाही. थर्मामीटर घरात पाहिजेच. गड्ड्याच्या जत्रेची गर्दी, बाहेरची कापलेली फळं, उसाचा रस त्या दिवसांत नको. तोंड आलं की आपली कडक भाकरी आणि शेंगाचटणी वैरी होतात. भाकरी ताकात नाहीतर वरणात भिजवून मऊ करा, ज्वारीची आंबील गार करून द्या, अंडं चालत असेल तर पूर्ण उकडून द्या. मीठ आणि खायचा सोडा घातलेल्या कोमट पाण्यानं दिवसातून चार-पाच वेळा गुळण्या. आणि आपला एप्रिल-मे! चाळीसच्या वर पारा, त्यात उलट्या. लघवी गडद दिसली किंवा पाणीसुद्धा पोटात ठरेना, तर घरी लिंबू-सरबत पाजत बसू नका.

रेडिएशनच्या वेळी कातडीवर खुणा करतात, त्या घासून पुसायच्या नाहीत. हळद, पावडर, तेल डॉक्टरला विचारल्याशिवाय लावू नका. त्या बाजूला मलमलचा सैल झंपर घाला, ब्रा नको.

आता हाताविषयी, कारण इथं माझ्या टेपचं काम आहे. "या एका बाहीला जरा सोडा ना अक्का, घट्ट व्हायला लागलंय," असं म्हणत बाया येतात. त्यांना वाटतं शिलाई आटली. खरं तर काखेतल्या गाठी काढल्या की हातातलं पाणी वाहून जायची वाट कमी होते आणि हात हळूहळू सुजतो. कधी दोन महिन्यांनी, कधी दोन वर्षांनी. लवकर कळलं तर गुंडाळायचे पट्टे, व्यायाम, दाब देणारी खास बाही यांनी आवरता येतं. उशीर झाला की हात दगडासारखा होतो. म्हणून ऑपरेशनच्या आधीच दोन्ही हातांची मापं घेऊन ठेवा. टेपची सेंटीमीटरची बाजू घ्या. मनगट, कोपराच्या घडीच्या दहा सेंटीमीटर खाली, आणि दहा सेंटीमीटर वर. टेप कातडीला टेकलेली हवी, आवळलेली नको. नंतर महिन्याला एकदा, त्याच वेळेला, दोन्ही हात मोजा. उजव्या हातानं काम करणाऱ्या बाईचा उजवा हात मुळातच थोडा जाड असतो, म्हणून आधीचं माप लागतं. कुठंही दोन सेंटीमीटरचा फरक वाढला, अंगठी किंवा बांगडी रुतायला लागली, हात जड वाटला, तर डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट. हात लाल, गरम, दुखरा झाला आणि ताप आला तर त्याच दिवशी.

त्या हातावर बीपी, सुई, सलाइन नको, हे बाईनं स्वतः नर्सला सांगायचं. तव्याचा चटका, सुरीचा काप, बागेतला काटा टाळा. आपल्याकडे पाणी रोज येत नाही, आलं की घागरी-पिंप भरायची धांदल. ते काम घरातल्या दुसऱ्याचं, कायमचं. याबाबतीत मी सासवांशी भांडते. भाकरी थापायला हरकत नाही, पण सुरुवातीला दोन-तीनच, मध्ये थांबून. विडी वळणाऱ्यांनी हात मांडीवर न लोंबवता उशीवर टेकवावा आणि थोड्या थोड्या वेळानं मूठ उघडझाप करावी. भिंतीवर बोटांनी वर चढत जायचा व्यायाम फिजिओ सांगेल तेव्हापासून रोज. वेणी स्वतः घालता आली की खांदा मोकळा झाला असं समजा.

ईआर-पीआर पॉझिटिव्ह असेल तर पुढे रोज एक गोळी असते, पाच वर्षं, काहींना दहा. बरं वाटतंय म्हणून बाया ती मध्येच सोडतात. सोडू नका. अंगातून वाफा येतात, सांधे धरतात, ते डॉक्टरला सांगा, इलाज असतो. पाळी गेलेल्या बाईला या गोळीवर अंगावरून रक्त जायला लागलं तर लगेच दाखवा. जनऔषधी दुकानात चौकशी करा, तिथं औषध स्वस्त पडतं. रात्र रात्र झोप नाही, रडू थांबत नाही, अशी वेळ आली तर 14416 वर टेलिमानसला फोन लावा, मराठीत बोलतात, फुकट आहे. नवऱ्यांनीही लावायला हरकत नाही. माझ्या दुकानाबाहेर मोटारसायकलवर बसून राहिलेले मालक बघितलेत मी.

शेवटी पॅड. जखम भरेपर्यंत, साधारण सहा ते आठ आठवडे, नुसता हलका कापसाचा. नंतर वजनाचा, कारण एका बाजूला वजन नसलं की ब्रा वर सरकते, खांदा झुकतो, पाठ धरते. कापड होजिअरीचं घ्या, जुना धुतलेला बनियन सगळ्यात चांगला. मांजरपाट टाक्यांच्या जागी टोचतो. आत उशीचा फायबर भरा, पिंजलेला कापूस धुतला की गोळे होतात. खालच्या बाजूला मोहरीची छोटी पुरचुंडी. मी मूठभर घालून सुरू करते, मग आरशासमोर उभं करून दोन्ही पट्टे समान दिसेपर्यंत वाढवते. पुरचुंडी काढता येईल अशी ठेवा, धुताना मोहरी भिजली तर कोंब येतात. ब्राला आतून होजिअरीचा खिसा, तोंड बाजूनं. पट्टा रुंद, तार नाही. ब्लाउजचा गळा इंचभर वर, मुंढा सैल, बगलेत कळी, हूक पुढं.

सिलिकॉनचा पॅड हवा असेल तर तो विकत मिळतो, महाग असतो, आणि सोलापूरच्या उन्हाळ्यात घाम फार येतो. माझ्याकडच्या बाया तो लग्नाकार्याला वापरतात आणि रोज कापडी. मापाला येताना रोजच्या वापरातली ब्रा आणि अंगाला बसणारा एक जुना ब्लाउज आणा. दुपारी दोन ते चार या, तेव्हा दुकानात दुसरं कुणी नसतं. लग्नसराईत मात्र आधी फोन करा.