सातव्या हेन्रीची तिजोरी: उत्तर लिहिताना या चुका टाळा

‘इंग्लंडचा राजा सातव्या हेन्रीने जबर कर लादून तिजोरी भरली’ हे वाक्य उत्तराच्या सुरुवातीला दिसलं की आधी ते खोडा. संसदेच्या मंजुरीने कर बसवला तरी लोक भडकत. १४८९ मध्ये यॉर्कशायरात करावरून अर्ल ऑफ नॉर्थम्बरलँडचा जीव गेला. १४९७ मध्ये कॉर्नवॉलचे लोक थेट लंडनजवळच्या ब्लॅकहीथपर्यंत चालून आले. हेन्रीचा खरा भर होता तो राजाचं आधीपासूनचं येणं कसोशीने वसूल करण्यावर. राजघराण्याच्या हातून गेलेल्या जमिनी त्याने कायदा करून परत घेतल्या, बंडखोरांच्या जप्त केल्या. आयात-निर्यातीवरची जकात तर पहिल्याच संसदेने त्याला तहहयात देऊन टाकली होती.

सरंजामी हक्क मात्र एका ओळीत उरकू नका, खरी गंमत तिथेच आहे. थोरल्या मुलाला ‘नाइट’ हा किताब देताना आणि थोरल्या मुलीच्या लग्नात राजाला प्रजेकडून पैसे मागता येत. हेन्रीचा थोरला मुलगा आर्थर १५०२ मध्ये वारला, थोरली मुलगी मार्गारेटचं लग्न १५०३ मध्ये झालं, आणि हेन्रीने दोन्हींचे पैसे मागितले १५०४ मध्ये! संसदेने त्याऐवजी ४०,००० पौंड देऊ केले. त्याने ३०,०००च घेतले, म्हणजे वर उदार म्हणूनही मिरवला.

पैसा कुठे जमा होत होता, हे बहुतेक जण लिहीतच नाहीत. एक्स्चेकरचा, म्हणजे राज्याच्या अधिकृत खजिन्याचा, कारभार संथ, म्हणून बरीचशी रक्कम राजाच्या खासगी ‘चेंबर’कडे वळवली गेली. तिथे हिशेब जॉन हेरॉनकडे असे आणि वह्यांची पानं हेन्री स्वतः तपासून सही करी.

रोखे (म्हणजे अट मोडली तर ठरलेली रक्कम भरण्याची लेखी हमी) आणि दंडाचे आकडे जसेच्या तसे उत्पन्नात धरले, तर सगळं गणितच कोसळतं. स्वतःची लढाऊ माणसं बेकायदा पदरी ठेवल्याबद्दल लॉर्ड बर्गेव्हेनीला १५०७ मध्ये ७०,००० पौंडांहून जास्त दंड झाला. तडजोडीत ठरलं ते ५,००० पौंड, तेही दहा वर्षांच्या हप्त्यांनी. बाकीची रक्कम म्हणजे मानेवर टांगलेली तलवार. असले रोखे वसूल करणाऱ्या एम्पसन आणि डडली यांना मात्र हेन्रीच्या पश्चात, १५१० मध्ये, त्याच्याच मुलाने वधस्तंभावर पाठवलं.

हेन्रीचा मंत्री मॉर्टन याच्या नावाने सांगितला जाणारा ‘मॉर्टनचा काटा’ लिहायचाच असेल तर जपून. काटकसर करणाऱ्याकडे शिल्लक असणार, उधळ्याकडे तर दिसतेच आहे, तेव्हा दोघांनीही द्यावं, ही ती गोष्ट. ती आपल्यापर्यंत आली शतकभरानंतर लिहिणाऱ्या फ्रान्सिस बेकनमुळे. हेन्री मागे अठरा लाख पौंड ठेवून गेला, हेही त्याचंच म्हणणं. आजचे इतिहासकार तो आकडा मानत नाहीत. बरीचशी संपत्ती रोकड नव्हे, तर जडजवाहीर आणि सोन्याचांदीची भांडी या रूपात होती.